रँचवर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट करावं का? व्याह्यांच्या जमिनीबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अमेरिकेत कोलोरॅडोत दिलीय, जावयाच्या घरची दोनेक हजार एकरांची गुरांची रँच आहे, व्याही पंच्याहत्तरीचे झालेत आणि ते म्हणतायत की जमिनीवर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट करून टाकायचं, म्हणजे आपल्यामागे कुणी प्लॉट पाडणार नाही. जावयाची बहीण डेन्व्हरला नोकरीला, तिला शेतीत रस नाही, ती म्हणते माझा वाटा मोकळा करा. आणि तुम्ही नाशिकला बसून धास्तावलाय की व्याहीबुवा जमीन कुठल्यातरी संस्थेच्या घशात घालतायत आणि मुलीच्या हातात काही राहणार नाही. शेवटी हेही विचारलंत की आपल्याकडे असं काही करता येतं का.

मी इथे लँड ट्रस्टच्या, म्हणजे जमीन मोकळी राखायला असे करार करून घेणाऱ्या संस्थेच्या, बाजूने हेच काम करते. रँचवाल्यांशी बोलणी, कागद, मोजणी, आणि कागद झाल्यावर दरवर्षी जाऊन जमीन बघून येणं. तेव्हा जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिली भीती काढून टाका. जमीन कुणाच्या घशात जात नाही. मालकी व्याह्यांचीच, कुंपण त्यांचं, गुरं त्यांची, उद्या विकायची तर विकता येते, मुलांना देता येते, तारण ठेवता येते. आपल्याकडे शेजाऱ्याच्या शेतातून गाडीवाटेचा हक्क असतो ना, शेत एकाचं आणि वाटेचा हक्क दुसऱ्याचा, आणि शेत विकलं तरी वाट राहते, तसंच हे. फरक एवढाच की इथे ज्याला हक्क मिळतो तो जमिनीवर येऊन काही करत नाही, त्याला फक्त "हे करू नका" म्हणायचा हक्क मिळतो. प्लॉट पाडू नका, रिसॉर्ट बांधू नका, उघडी खाण काढू नका. घेणारा म्हणजे लँड ट्रस्ट किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) किंवा सरकार. कागद काउंटीच्या रेकॉर्डला लागतो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला बांधून ठेवतो, मुदत नाही, कायमचा. आणि लोक उगाच फिरायला येतील ही भीती असेल तर तीही सोडा, गुरांच्या रँचवर सहसा पब्लिकला आत येऊ द्यायची अट नसते.

आता व्याह्यांना एवढी घाई का झालीय ते बघा, कारण ते माहीत नसेल तर सगळा प्रकार म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटतो. कोलोरॅडोत १९७२ चा एक कायदा आहे, त्यात ३५ एकर किंवा त्याहून मोठे तुकडे पाडले तर काउंटीची सबडिव्हिजनची मंजुरीच लागत नाही. म्हणजे हेतू होता काउंटीला प्लॉटिंगवर लगाम द्यायचा आणि झालं काय, तर सगळ्या राज्यात ३५-३५ एकरांचे तुकडे पडायला लागले. दोन हजार एकर म्हणजे साधारण ५७ तुकडे. प्रत्येक तुकड्यावर एक घर, एक बोअर, दोन हौशी घोडे, एक गेट आणि वर्षातले तीन आठवडे येणारा मालक. तुम्ही म्हणाल ३५ एकरांत एकच घर, काय बिघडलं? आपल्या हिशोबात ३५ एकर म्हणजे बागायतदार माणूस. पण तिथल्या कोरड्या कुरणात एका गायीला वासरासकट वर्षभर पोसायलाच तेवढी जागा कधी कधी पुरत नाही. ३५ एकरांत धंदा होत नाही, फक्त पत्ता होतो.

आणि शेजारी एक रँच अशी फुटली की उरलेल्या रँचचं जगणं अवघड होतं, हे मी जवळून बघितलंय. खोऱ्यातल्या गवताच्या कुरणांना ओढ्यावरून काढलेल्या पाटाचं पाणी असतं, चार-पाच जण मिळून एक पाट चालवतात, वसंतात सगळे फावडी घेऊन गाळ काढायला येतात. आता त्यातल्या एकाच्या जागी बारा नवे मालक आले. गाळ काढायला एकही येत नाही, एकाने पाटाच्या कडेला लॉन केलं, एकाने स्वतःच्या तळ्यासाठी मधलं दार बंद केलं, आणि खाली दारं धरून बसलेला माणूस सकाळी बघतो तर पाट कोरडा. वर त्यांची मोकाट कुत्री व्यायच्या दिवसांत गायींच्या मागे लागतात. भांडण कोर्टात जात नाही, माणूस कंटाळतो, आणि मग तोही विकतो.

दुसरी गोष्ट, ही दोन हजार एकर म्हणजे पूर्ण रँच नसते. उन्हाळ्यात गुरं वर डोंगरात जातात, फॉरेस्ट सर्व्हिसच्या किंवा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या सरकारी जमिनीवर, चराईच्या परमिटवर. ते परमिट खालच्या खाजगी जमिनीच्या जोरावर मिळतं. खालचं कुरण फुटलं की हिवाळ्याचं गवत गेलं, आणि हिवाळ्याचं गवत नाही तर वरच्या हजारो एकर चराईचा उपयोग काय? म्हणून खोऱ्यातली थोडी जमीन वाचवली की तिच्याबरोबर बरंच मोठं रान वाचतं. एल्क, म्युल डिअर ही हरणं हिवाळ्यात याच खालच्या भागात उतरतात. गनिसनच्या खोऱ्यात एक सेज-ग्राउज नावाचा कोंबडीसारखा पक्षी आहे, २०१४ मध्ये तो सरकारच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला, त्याचं बरंचसं घर रँचवाल्यांच्याच जमिनीत आहे.

अजून एक. रँचवाले मुळात सरकार आणि पर्यावरणवाले दोघांकडे संशयाने बघणारी माणसं. त्यांचा विश्वास बसेना म्हणून १९९५ मध्ये कोलोरॅडोच्या गुरं पाळणाऱ्यांच्या संघटनेने स्वतःचाच लँड ट्रस्ट काढला, कोलोरॅडो कॅटलमेन्स अ‍ॅग्रिकल्चरल लँड ट्रस्ट. आज त्यांच्याकडे लाखो एकरांचे ईझमेंट आहेत. त्याच्या आधी कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत १९८० मध्ये शेतजमिनीसाठीचा पहिला ट्रस्ट निघाला, आणि तो काढणाऱ्या दोघींमधली एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक दूधवाल्या शेतकरी घरातली. तेव्हा जावयाला सांगा, हे शहरातल्या पक्षीप्रेमींचं खूळ नाही.

आता पैशाचं, कारण खरा पेच तिथेच आहे. आकडे मी समजायला घेतेय, तुमच्या व्याह्यांचे नाहीत. समजा २,००० एकर, बाजारभाव एकरी ३,००० डॉलर, म्हणजे ६० लाख डॉलर. ईझमेंट केल्यावर तीच जमीन फक्त रँच म्हणून विकली जाईल, समजा एकरी १,८०० ने, म्हणजे ३६ लाख. मधला जो २४ लाखांचा फरक, ती ईझमेंटची किंमत. ही किंमत या कामातला अनुभवी अप्रेझर आधीची आणि नंतरची अशी दोनदा किंमत काढून ठरवतो.

हे २४ लाख कोण देतं? केंद्र सरकारच्या शेती खात्याची एनआरसीएस नावाची शाखा आहे, २०१४ च्या फार्म बिलापासून (शेतीविषयीचा केंद्राचा कायदा) तिच्या योजनेतून शेतजमिनीच्या ईझमेंटची निम्म्यापर्यंत किंमत मिळते, आणि खास महत्त्वाच्या गवताळ जमिनीला ७५ टक्क्यांपर्यंत. समजा निम्मे, १२ लाख. कोलोरॅडोत लॉटरीचा पैसा अशा कामाला वापरायचं लोकांनी १९९२ मध्ये मतदान करून ठरवलंय, ग्रेट आउटडोअर्स कोलोरॅडो म्हणतात त्याला. तिथून आणि काउंटीकडून मिळून समजा ६ लाख. रूट काउंटीने तर १९९६ मध्ये स्वतःवर प्रॉपर्टी टॅक्स लावून घेऊन असा फंड केला. उरले ६ लाख, ते व्याह्यांनी दान केले असं धरलं जातं.

त्या दानावर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते. साध्या माणसाला वर्षाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि ज्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीतून येतं त्याला १०० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली वजावट पुढची १५ वर्षं ओढता येते. ऐकायला झकास वाटतं. पण रँचवाल्याकडे जमीन बक्कळ आणि हातात रोकड नाही, उत्पन्नच एवढं कमी की १५ वर्षांतही ती वजावट संपत नाही. डॉक्टर किंवा बिल्डर जमीन घेऊन ईझमेंट करतो तेव्हा त्याला जो फायदा होतो तो खऱ्या गुरंवाल्याला होत नाही, हा या कायद्यातला मला सगळ्यात जास्त खटकणारा भाग आहे. कोलोरॅडोने यावर बरा तोडगा काढला. राज्याचं जे टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधूनच वजा होणारी रक्कम, मिळतं ते दुसऱ्याला विकता येतं. डेन्व्हरचा एखादा जास्त टॅक्स भरणारा माणूस थोड्या सवलतीत ते विकत घेतो आणि रँचवाल्याला रोख पैसे मिळतात.

इथे एक खाच आहे, ती व्याह्यांच्या सीपीएला, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या माणसाला, नक्की विचारायला सांगा. ज्या वर्षी ईझमेंटचा काही भाग विकून १८ लाख आले, ते १८ लाख शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. म्हणजे नेमक्या त्याच वर्षी व्याही कागदोपत्री "शेतकरी" राहत नाहीत, कारण निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीबाहेरचं झालं, आणि १०० टक्क्यांची सोय हातची जाते. मेरीलँडमधल्या दोन भावांचं अगदी असंच झालं, जन्मभर शेती केलेली माणसं, २०१७ मध्ये टॅक्स कोर्टाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. विकलेल्या भागावर कॅपिटल गेनही लागतो, तो वेगळाच.

एक फायदा मात्र लोक अजून जुन्या आठवणीने सांगतात, इस्टेट टॅक्सचा. नव्वदच्या दशकात वारसाहक्काच्या टॅक्समधून फक्त ६ लाख डॉलर माफ होते, तेव्हा बाप गेला की टॅक्स भरायला मुलांना रँच विकावी लागायची, आणि ईझमेंटने किंमत खाली आली की टॅक्सही खाली यायचा. २०२६ पासून माफीची मर्यादा माणशी दीड कोटी डॉलर झालीय. तुम्ही सांगितलेल्या आकाराच्या रँचला बहुतेक तो टॅक्स लागणारच नाही. कुणी एजंट त्या भीतीने सही करा म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. प्रॉपर्टी टॅक्समध्येही फार फरक पडत नाही, कारण शेतजमिनीला आधीच उत्पन्नाच्या हिशोबाने आकारणी असते.

मग करायचं कशासाठी? माझं मत विचाराल तर तुमच्या व्याह्यांच्या घरात याचं मुख्य काम टॅक्स वाचवणं नाहीये, बहिणीचा प्रश्न सोडवणं हे आहे. बघा, ईझमेंट न करता ६० लाखांची जमीन, निम्मा वाटा ३० लाख. तीनशे गायींच्या धंद्यावर जावई बहिणीला ३० लाख कधीच देऊ शकणार नाही, बँकेचं व्याजसुद्धा निघणार नाही. म्हणजे बाप गेल्यावर विक्री ठरलेली. ईझमेंट केलं तर हातात १८ लाख रोख येतात, टॅक्स जाऊन थोडे कमी, ते बहिणीला देता येतात आणि जमीन भावाकडे राहते. बहीण म्हणेल ३० च्या जागी मला १८ पेक्षाही कमी का? बरोबर आहे तिचं. पण भावाला मिळालेली जमीनही आता ३६ लाखांचीच आहे आणि ती त्याने कसायची आहे, विकून चैन करायची नाही. हा हिशोब तिच्यापुढे आधी मांडायला पाहिजे, आई-वडील बसलेत, वकील बसलाय, जेवणं झालीत, अशा वेळी. जमीन व्याह्यांच्या नावावर आहे, कायद्याने त्यांना मुलीची सही लागत नाही, आणि म्हणूनच बरेच बाप तिला न सांगता करून टाकतात आणि मग पुढची वीस वर्षं थँक्सगिव्हिंगला एक खुर्ची रिकामी राहते. वारसपत्र किंवा कंपनीचे कागद आणि ईझमेंट हे एकाच वेळी, एकाच टेबलावर झालं पाहिजे. आधी ईझमेंट आणि कुटुंबाचं नंतर बघू, असं करू नका.

आता कागद. इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण किंमत अप्रेझर काढेल, टॅक्स सीपीए बघेल, पण कागदातल्या शब्दांबरोबर राहायचंय जावयाला आणि मुलीला.

घरांची जागा. ईझमेंटमध्ये नकाशावर चौकट आखून देतात, त्याच्या आतच घरं आणि मोठी शेड. तुमच्या मुलीला उद्या वेगळं घर बांधायचं असेल, नातवाला बांधायचं असेल, तर ती चौकट आत्ताच मागून घ्यायची. वाटाघाटीत हे सगळं मिळतं. कॅलिफोर्नियात हर्स्ट कंपनीने २००५ मध्ये सॅन सिमिऑनच्या ८२,००० एकर रँचवर ईझमेंट केलं, त्या सौद्यात किनाऱ्याचा पट्टाही सरकारकडे गेला, सगळं मिळून साडेनऊ कोटी डॉलरचा व्यवहार, आणि तरीही त्यांनी २७ घरांच्या जागा राखून ठेवल्या होत्या. सरकारी पैसा घेतला तर छपराखाली आणि काँक्रीटखाली साधारण दोन टक्क्यांवर जमीन जाऊ देत नाहीत. २,००० एकरांत ते ४० एकर होतात, पुरेसे आहेत, पण छोट्या रँचवर हीच अट गळ्याशी येते. मी एका रँचवर वर्षाची पाहणी करायला गेले तर वासरांची नवी शेड चौकटीच्या बाहेर, पंधरा-वीस फूट. मालक म्हणाला, वाऱ्याचा आडोसा तिथेच आहे, गायीला तुमचा नकाशा कळत नाही. खरं होतं त्याचं. पण कागदात लिहिलेलं नव्हतं, आणि ते निस्तरायला वकिलांच्या फीत शेडच्या किमतीएवढे पैसे गेले. म्हणून म्हणते, गाय कुठे विते, वारा कुठून येतो, हे माहीत असलेला माणूस चौकट आखताना हजर पाहिजे.

पाणी. कोलोरॅडोत पाणी जमिनीपासून वेगळं विकता येतं. हक्काची तारीख जितकी जुनी तितकं ते सोन्याचं. आर्कान्सा खोऱ्यातल्या क्राउली काउंटीत सत्तर-ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी पाणी ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्स अशा शहरांना विकलं आणि भिजणारं रान कोरडं पडून तणाचं झालं. तेव्हा ईझमेंटमध्ये पाण्याचे हक्क नाव-तारीख घालून जमिनीला बांधलेत का, की नुसतं "जमीन" एवढंच लिहिलंय? नसतील बांधले तर पन्नास वर्षांनी घर नसलेलं, आणि गवतही नसलेलं दोन हजार एकर उरेल.

खालची खनिजं. १९१६ च्या होमस्टेड कायद्याखाली दिलेल्या जमिनींत वरची माती मालकाची आणि खालची खनिजं सरकारची, असं सर्रास आहे. तेलवाला उद्या येऊन वरून रस्ता काढू शकतो. याची आधी जिऑलॉजिस्टकडून तपासणी करतात, ती झाल्याशिवाय वजावटच मिळत नाही. जमिनीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेने आपला हक्क ईझमेंटच्या खाली मानला पाहिजे, तोही सहीच्या दिवसापर्यंत. ही दोन कामं आणि सरकारी रांग मिळून दीड-दोन वर्षं सहज जातात.

आणि ट्रस्ट कोण आहे ते बघा. लँड ट्रस्ट अलायन्स या ट्रस्टांच्या देशव्यापी संघटनेच्या आयोगाची मान्यता आहे का, दरवर्षी पाहणी करायला आणि वेळ पडली तर कोर्टात जायला वेगळा फंड ठेवलाय का. २००० च्या दशकात कोलोरॅडोत काही लोकांनी फुगवलेल्या किमती दाखवून टॅक्स क्रेडिट घेतली, मग महसूल खात्याने काही वर्षांनंतर क्रेडिट नाकारली आणि त्यात साधे शेतकरीही भरडले. आता राज्य आधी तपासून मग सर्टिफिकेट देतं. देशभरात त्याहून मोठा घोळ झाला तो गुंतवणूकदारांचा, टोळी करून जमीन घ्यायची आणि गुंतवलेल्या पैशाच्या कितीतरी पट वजावट काढायची. २०२२ च्या कायद्याने अडीच पटीच्या वर ते बंद केलं. घरच्या रँचचा त्याच्याशी संबंध नाही, पण जावयाने गूगल केलं असेल तर तेच दिसलं असेल आणि म्हणून तो स्कॅम म्हणत असेल.

एक गोष्ट ट्रस्टवाले पुढे होऊन सांगत नाहीत, मी सांगते. ईझमेंटने घरं थांबतात, गुरं टिकतीलच असं नाही. उद्या जावयाने विकली तर एखादा हेज फंडवाला ती ३६ च्या जागी ५० लाखाला घेईल, कारण त्याला उलट आवडतं की शेजारी कधीच घर होणार नाही, आणि गवत तसंच सुकू देईल. तरुण रँचवाला त्या भावाने विकत घेऊ शकत नाही. व्हरमॉन्ट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये यावर उपाय म्हणून कागदातच लिहितात की शेतकरी नसलेल्याला विकायची वेळ आली तर ट्रस्टला शेतीच्या भावाने घ्यायचा पहिला हक्क. मरिनमध्ये शेती चालू ठेवणं सक्तीचं करणारी अट घालतात. कोलोरॅडोत ही अट फार कुणी मागत नाही, रँचवाल्यांना ती जाचक वाटते. पण व्याह्यांचा खरा हेतू गुरं टिकावीत हा असेल तर त्यांनी निदान विचारून बघावं, अशा अटीने ईझमेंटची किंमतही थोडी वाढते.

आपल्याकडचं विचारलंत. नाशिकला द्राक्षबागेचं एनए होऊन प्लॉटिंग होतंय, मलाही दिसतं दर वेळी आले की. पण हे असंच्या असं आपल्याकडे बसत नाही. १८८२ च्या आपल्या सुविधाधिकार कायद्यात हक्क हा एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. म्हणजे हक्क घेणाऱ्याकडे फायदा होणारी जमीन लागते, नुसत्या संस्थेला तो हवेत धरता येत नाही. इन्कम टॅक्समध्येही अशी वजावट नाही. चराईच्या जमिनीपुरतं बोलायचं तर आपल्याकडे गायरान आहे आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलंय, त्याचं काय झालं ते तुम्ही गावात बघताच आहात. खाजगी बागेसाठी सध्या तरी कुळ, भाडेपट्टा, ट्रस्ट असेच रस्ते आहेत आणि ते मोडता येतात.

मुलीला सांगा, व्याह्यांकडून ईझमेंटचा मसुदा, टायटल रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी) आणि पाण्याच्या हक्कांची यादी एवढं मागून घे. आणि ट्रस्टबरोबरची पुढची मीटिंग डेन्व्हरवाल्या नणंदेला जमेल अशा शनिवारी ठेवायला लाव.